मोहोळ की जीवाश्म? भीमबेटकाचा ‘डिकिन्सोनिया’ पुन्हा वाचताना

२०२१ च्या सुरुवातीला मी एक सेमिनार दिला होता. विषय होता मऊ शरीराच्या प्राण्यांचे जीवाश्म. शेवटून दुसरी स्लाइड मी मुद्दाम राखून ठेवली होती. भीमबेटकाच्या गुहेतला फोटो, खाली एक ओळ: ‘भारतातला पहिला डिकिन्सोनिया.’ पेपर नुकताच आला होता, पेपरातही बातम्या होत्या, आणि आपल्या देशातलं उदाहरण मिळालं म्हणून मी खूश होते. वीस मिनिटांत कुणी एकही अडचणीचा प्रश्न विचारला नाही. मी स्वतःलाही विचारला नाही.

दोन वर्षांनी कळलं की तो जीवाश्म नव्हता. ते आग्या मोहोळ होतं. म्हणजे मोहोळ उठून गेल्यावर भिंतीला चिकटून राहिलेला, झिजत चाललेला अवशेष.

‘पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं’ हा प्रश्न तुमच्यापैकी पेट, नेट, सेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. सारांश काढणं सगळ्यांना जमतं. दोष कसा शोधायचा, आणि दोष सापडला तरी न्याय कसा करायचा, हे कुणी शिकवत नाही. म्हणून आज एकच प्रकरण घेऊ आणि दोन पेपर समोरासमोर ठेवू. एक २०२१ चा, एक २०२३ चा. दोन्ही ‘गोंडवाना रिसर्च’ या एकाच जर्नलमधले.

दावा काय होता

भोपाळजवळचं भीमबेटका आपल्याला माहीत आहे ते शैलचित्रांसाठी. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांनी ही जागा अभ्यासकांसमोर आणली. २००३ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तिथल्या एका मोठ्या गुहेला ‘ऑडिटोरियम केव्ह’ म्हणतात. मार्च २०२० मध्ये, आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेच्या निमित्ताने ठरलेल्या अभ्यासदौऱ्यात, ओरेगन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या गुहेत डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर एक लांबट पानासारखा आकार दिसला. लांबी सुमारे १७ इंच. मध्ये एक रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ समांतर पट्टे.

हा आकार पाहिल्यावर पुराजीवशास्त्र शिकलेल्या कुणाच्याही मनात एकच नाव येतं. डिकिन्सोनिया हा एडिएकारन काळातला, म्हणजे साधारण ५५ ते ५६ कोटी वर्षांपूर्वीचा जीव. हाड नाही, कवच नाही, दात नाहीत. रेग स्प्रिग यांना १९४६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एडिएकारा टेकड्यांत असे ठसे सापडले आणि १९४७ मध्ये हे नाव दिलं गेलं. तो प्राणी होता, बुरशी होती की आणखी काही, यावर कित्येक दशकं वाद चालला. २०१८ मध्ये रशियातल्या श्वेत समुद्राकाठच्या नमुन्यांवर टिकलेल्या सेंद्रिय पापुद्र्यात कोलेस्टेरॉलपासून बनलेले रेणू मिळाले आणि पारडं प्राण्याच्या बाजूला झुकलं.

२०२१ च्या पेपरने म्हटलं, भीमबेटकातला आकार ऑस्ट्रेलियातल्या डिकिन्सोनिया टेन्युइस या जातीशी जुळतो. त्यातून दोन मोठे निष्कर्ष काढले गेले. पहिला, ज्या खडकात ही गुहा आहे त्या मैहर वालुकाश्माचं वय साधारण ५५ कोटी वर्षं. दुसरा, त्या काळात भारत आणि ऑस्ट्रेलिया भूगोलाने एकमेकांजवळ असल्याच्या कल्पनेला आधार. पेपर फक्त सहा पानांचा होता. सहा पानांवर एका खोऱ्याचं वय आणि एका महाखंडाचा नकाशा उभा होता, आणि या दोन्हींच्या मुळाशी एक आकार होता.

आता क्षणभर हे सगळं बाजूला ठेवू. टीका करायच्या आधी मूळ गोष्ट नीट समजली पाहिजे. मऊ शरीर दगडात टिकतंच कसं?

गाळात पुरलं म्हणजे टिकलं, असं नाही

पुस्तकात एक वाक्य असतं: ‘जलद दफन झाल्यास मऊ भागांचे जतन होते.’ हे वाक्य मी अनेक उत्तरपत्रिकांत लिहिलं आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने त्यातला अर्धवटपणा दाखवला. पाणी उतरल्यावर मिरजेच्या कृष्णाघाटाकडच्या भागात सगळीकडे मऊ, चिकट गाळ होता. त्यात मासे होते, गांडुळं होती, गोगलगायी होत्या. जलद दफन म्हणाल तर याहून जलद काय असणार! आठवड्याभरात फक्त वास उरला. पुढे गाळ वाळून तडकला तेव्हा त्यात गोगलगायीचे शंख होते, माशांचे काटे होते. गांडुळाचा मागमूस नव्हता.

का नव्हता? गाळात जिवाणू असतात. शरीरात तर आधीपासूनच असतात. शिवाय गाळात जिवंत किडे, गांडुळं, खेकडे फिरत असतात, ते गाळ उकरतात, उलथापालथ करतात आणि हवा आत नेतात. म्हणजे दफन हे फक्त दार बंद करणं झालं. चोर घरातच असेल तर दार बंद करून काय उपयोग?

मऊ शरीर टिकायचं तर तीन गोष्टी एकापाठोपाठ एक, आणि घाईने, घडाव्या लागतात. खाणारे दूर राहिले पाहिजेत. कुजणं मंदावलं पाहिजे. आणि कुजणं पूर्ण व्हायच्या आत एखाद्या खनिजाने आकार धरला पाहिजे. शर्यत असते ती कुजणं आणि खनिज यांच्यात.

ही शर्यत जिंकायचे मार्ग वेगवेगळे आहेत. कॅनडातल्या बर्जेस शेलमध्ये, जिथे १९०९ मध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना पहिले नमुने मिळाले, बारीक चिखलाने प्राणी झाकले गेले आणि शरीराचा कार्बनचा पातळ पापुद्रा उरला. गाळाच्या थरावर लवकर साचलेल्या कार्बोनेटमुळे जिवाणूंना लागणारा सल्फेट आत पोचला नाही, असं एक चांगलं स्पष्टीकरण आहे. सिलिकाने टिकवलेलं उदाहरण आपल्या जवळचं: छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलांचा चर्ट. दख्खनच्या लाव्हा थरांमधल्या तळ्यांत ज्या वनस्पती बुडाल्या, त्यांच्यात सिलिका इतकी लवकर शिरली की दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पेशींच्या भिंती दिसतात.

आणि डिकिन्सोनिया? तो जाड्याभरड्या वाळूत टिकला. हे सगळ्यात विचित्र. वाळूतून पाणी आणि हवा आरपार जाते, तिथे मऊ शरीर राहायलाच नको. यावर जेम्स गेहलिंग यांनी १९९९ मध्ये मांडलेलं स्पष्टीकरण ‘मृत्यूचा मुखवटा’ म्हणून ओळखलं जातं. त्या काळी समुद्रतळावर जिवाणूंची साय पसरलेली असे. दुधावर धरते तशी, पण चिवट. तिला खाणारे, उकरणारे प्राणी फारसे आलेच नव्हते. वादळाने वाळू येऊन पडली की सायीसकट प्राणी खाली गाडला जाई. वाळूवर पुन्हा नवी साय धरे आणि आतलं पाणी बंदिस्त होई. कुजताना सुटलेला सल्फाइड आणि वाळूतलं लोह यांचा पायराइट बने आणि प्राण्यावरची वाळू साच्यासारखी घट्ट होई. प्राणी नंतर कुजून गेला तरी साचा राही. म्हणून असे ठसे बहुतेक वेळा वाळूच्या थराच्या खालच्या बाजूला मिळतात.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. डिकिन्सोनियाचा ठसा खडकात कुठेही, कसाही पडलेला नसतो. तो थराच्या पृष्ठभागावर असतो, कारण तो पृष्ठभाग म्हणजेच तेव्हाचा समुद्रतळ.

मी विचारायला हवे होते ते प्रश्न

पहिला: खूण खडकात आहे की खडकावर? हा इतका बाळबोध प्रश्न आहे की विचारायची लाज वाटते. पण सगळं यावरच अडलं. भीमबेटकाचे थर जवळपास आडवे आहेत. जीवाश्म असता तर तो आडव्या पृष्ठभागावर, म्हणजे छताला किंवा जमिनीला दिसायला हवा. हा आकार गुहेच्या भिंतीवर होता, जवळजवळ उभा. उभी भिंत म्हणजे थरांचा कापलेला काठ. तिच्यावर सपाट पसरलेला आख्खा प्राणी दिसणं म्हणजे वहीच्या पानांच्या कडेवर आख्खं चित्र दिसण्यासारखं आहे. पानावर काढलेलं चित्र कडेवरून फक्त एक रेघ दिसेल.

दुसरा: हे टिकलं कसं? पेपरचा भर साम्यावर होता: आकार, मधली रेघ, पट्ट्यांची मांडणी, ऑस्ट्रेलियन नमुन्यांशी तुलना. साम्य हा पुरावा आहे, पण मऊ शरीराच्या बाबतीत तो सगळ्यात कच्चा पुरावा. हाडाला सांधे असतात, शंखाला वाढीच्या रेषा असतात. मऊ शरीराला फक्त बाह्यरेषा असते, आणि बाह्यरेषा निसर्ग उधळपट्टीने वाटतो. पानाला, पिसाला, तडकलेल्या चिखलाला मधली रेघ आणि बाजूचे पट्टे असू शकतात. मोहोळालाही.

तिसरा: कुजण्याने आकार किती बदलला असेल? इथे २०१० चा एक प्रयोग प्रत्येकाने वाचावा. सॅन्सम, गॅबट आणि पर्नेल यांनी लॅन्सलेट आणि लॅम्प्रेची पिल्लं प्रयोगशाळेत कुजू दिली आणि कोणतं अंग कधी नाहीसं होतं याची नोंद ठेवली. दिसलं असं की एखाद्या गटाला इतरांपासून वेगळं करणारी लक्षणं आधी जातात, आणि अनेक गटांत सारखी असणारी जुनी लक्षणं शेवटपर्यंत राहतात. म्हणजे कुजलेला प्राणी होता त्यापेक्षा आदिम दिसतो. आमच्या मिरजेत सतारीसाठी भोपळा पोखरतात तेव्हा गर आणि बिया जातात, उरतं ते टणक टरफल. नुसतं टरफल पाहून तो भोपळा कोणत्या चवीचा होता हे कुणी सांगायला लागलं, तर आपण हसू. जीवाश्मात मात्र आपण पुष्कळदा तेच करतो.

चौथा: वय कुठून आलं? खडकाचं वय ५५ कोटी का, तर त्यात डिकिन्सोनिया आहे. आणि ही खूण डिकिन्सोनियाच का, तर आकार जुळतो आणि या खडकाचं वय तेवढं असू शकतं. दोन्ही वाक्यं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. जमिनीवर पाय कुणाचेच नाहीत. अशी रचना दिसली की पेन्सिलने गोल करा आणि समासात लिहा: ‘स्वतंत्र पुरावा कुठे?’

एक बचाव मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. भीमबेटकात हातोडा चालवता येत नाही, येऊही नये. पातळ काप, रासायनिक तपासणी यातलं काही शक्य नव्हतं. निरीक्षण आणि फोटो एवढ्यावर काम करावं लागलं. ही लेखकांची चूक नाही. चूक आहे ती पुराव्याचा आकार आणि दाव्याचा आकार यांच्यातल्या अंतरात. जेव्हा नमुना हातात घेता येत नाही, तेव्हा निष्कर्षाचा आवाज कमी करायचा असतो. ‘डिकिन्सोनियासारखी दिसणारी खूण’ एवढं लिहिलं असतं तर पेपर आजही उभा असता. छापला कुठे गेला असता, हा भाग वेगळा. आणि ‘सापडला’ या शब्दाला जर्नल आणि बातम्या दोघांकडून जी किंमत मिळते, तिचा हिशोब आपल्याला संशोधक म्हणून कधीतरी करावाच लागेल.

दुसरा पेपर: काय पटलं, काय नाही

२०२३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट, मनोज पंडित आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी केलेली मुख्य गोष्ट अगदी साधी होती. ते गुहेत गेले आणि तीच खूण पुन्हा पाहिली. खूण खडकावरून सुटून पडत होती. मधल्या काळात ती बरीच झिजली होती. कोट्यवधी वर्षं टिकलेला वालुकाश्मातला ठसा दोन-तीन वर्षांत असा उतरत नाही. जिथे वरचा थर गेला होता तिथे मोहोळाच्या कप्प्यांची जाळी दिसत होती. आणि त्या परिसरात आग्या मोहोळं सगळीकडे होती, काही जिवंत, काही उठून गेलेली.

या टीकेची ताकद कुठे आहे, बघा. त्यांनी ‘आम्हाला हे डिकिन्सोनियासारखं वाटत नाही’ असा वाद घातला नाही. तो वाद कधीच संपला नसता. त्यांनी दुसरी प्रक्रिया दाखवली: मोहोळ लागतं, माश्या उठून जातात, मेण झिजतं, अशी खूण उरते. ती प्रक्रिया त्याच गुहेत, त्याच भिंतींवर वेगवेगळ्या टप्प्यांवर दिसत होती. आकाराला आकाराने उत्तर देता येत नाही, प्रक्रियेने देता येतं. तुमच्या प्रबंधात कुणाचं मत खोडायचं असेल तर ही पद्धत उचला.

आता या पेपरबद्दल माझ्या दोन तक्रारी.

पहिली तक्रार वयाच्या भागाबद्दल. मीर्ट यांचा गट अनेक वर्षांपासून म्हणत आला आहे की वरचे विंध्य थर सुमारे १०० कोटी वर्षं जुने आहेत. म्हणजे या भांडणात त्यांची बाजू आधीपासून होती. त्यात गैर काही नाही, पण वाचकाने ते लक्षात ठेवावं. त्यांच्या आधारांपैकी एक म्हणजे वाळूत वाहून आलेल्या झिरकॉन स्फटिकांची वयं. झिरकॉन एवढंच सांगतो की थर त्या स्फटिकापेक्षा जुना नाही. किती नवा आहे, हे तो सांगत नाही. नदीने आणलेल्या वाळूत जुनेच दगड असले तर वाळू कालची असली तरी झिरकॉन जुनेच निघतील. आजच्या कृष्णेच्या वाळूतले बेसाल्टचे कण साडेसहा कोटी वर्षांचे म्हणून नदी तेवढी जुनी होत नाही. दुसरा आधार जास्त वजनदार आहे: पन्नाजवळच्या मझगवांच्या किंबरलाइटचं वय सुमारे १०७ कोटी वर्षं, आणि त्यात गोठलेली चुंबकीय दिशा वरच्या विंध्य थरांच्या दिशेशी जुळते. तरी हेही अप्रत्यक्षच. मोहोळाचा मुद्दा सिद्ध झाला म्हणून वयाचा मुद्दा आपोआप सिद्ध होत नाही. एकच खरं होतं की डिकिन्सोनियाच्या आधाराने ठरवलेलं ५५ कोटी हे वय आता निराधार आहे. दोन गोष्टी एकाच पेपरात आल्या की आपण त्या एकत्र गिळतो. तसं करू नका.

दुसरी तक्रार सुराची. पेपरच्या शीर्षकातच माश्यांच्या डंखावर आणि गुणगुणण्यावर कोट्या आहेत. वाचताना मीही हसले. पण समोरच्याची चूक दाखवताना हशा मिळवायचा की वाचकाला पुरावा दाखवायचा, हे ठरवावं लागतं. रिटॅलॅक यांची एडिएकारन जीवांबद्दलची मतं आधीपासून वादग्रस्त आहेत. त्यांतले काही समुद्रात नव्हे, जमिनीवर वाढत होते असं ते म्हणत आले. त्यामुळे त्यांच्या चुकीवर हसायला लोक तयारच होते. पण त्यांनी काय केलं? नवा पुरावा पाहिला आणि चूक मान्य केली, जाहीरपणे. आपल्या क्षेत्रात हे किती वेळा दिसतं, याचा विचार करा. आणि हेही पाहा की चूक सापडली, कारण त्यांनी जागा, फोटो, मापं सगळं छापलं होतं. दुसऱ्या कुणालाही गुहेत जाऊन तीच खूण शोधता येत होती. चुकीचा पण तपासता येणारा पेपर, आणि बरोबर असेल पण तपासताच न येणारा पेपर, यात मी पहिल्याला जास्त मान देईन.

उलट बाजूचा धडा

हे वाचून ‘म्हणजे भारतातले असले दावे खोटेच असतात’ असं कुणी म्हणेल, म्हणून विंध्य खोऱ्यातलीच एक जुनी गोष्ट सांगते. १९९८ मध्ये रफात आझमी यांनी रोहतास चुनखडीतून कवचधारी सूक्ष्म जीवाश्म मिळाल्याचं छापलं आणि थर कॅम्ब्रियनच्या आसपासचे ठरवले. खूप गदारोळ झाला. इतरांना नमुने मिळेनात, तेव्हा शंका त्यांच्या कामावरच घेतली गेली. २००२ मध्ये खालच्या विंध्य थरांची वयं आली, सुमारे १६० कोटी वर्षं. दावा बुडाला असं सगळ्यांना वाटलं. पण २००९ मध्ये स्टेफान बेंगट्सन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा नमुने घेतले आणि दाखवलं की जीवाश्म खरे आहेत. फक्त ते कॅम्ब्रियन प्राणी नाहीत, त्याहून १०० कोटी वर्षांनी जुने सूक्ष्म जीव आणि शैवालासारखे तंतू आहेत.

म्हणजे तिथे वस्तू खरी होती, अर्थ चुकला होता. भीमबेटकात वस्तूच चुकली होती. दोन्हींना ‘चुकीचा पेपर’ एवढंच लेबल लावलं तर आपण काहीच शिकलो नाही. टीका करताना नेमकं सांगा: निरीक्षण चुकलं, की ओळख चुकली, की वय चुकलं, की निष्कर्ष ताणला?

आमच्या टाकीखालची खूण

२०२३ चा पेपर वाचला त्या संध्याकाळी मी आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन उभी राहिले. तिथे दरवर्षी आग्या मोहोळ लागतं. शाळेत असताना आम्ही त्या बाजूने पळत जायचो. माश्या उठून गेल्या की काँक्रीटला एक पिवळट-तपकिरी, अर्धवर्तुळाकार डाग राहतो, मेणाच्या खडबडीत कडेसकट. पुढच्या हंगामात बऱ्याचदा तिथेच पुन्हा मोहोळ धरतं. मी तो डाग वीस वर्षं पाहत होते. सेमिनारची ती स्लाइड बनवताना तो मला एकदाही आठवला नाही.

का आठवला नाही, याचं उत्तर मला अजून टोचतं. मी पेपर वाचत होते, खडक पाहत नव्हते. नाव मोठं, जर्नल चांगलं, उदाहरण आपल्या देशातलं. मला तो खरा असायला हवा होता. आग्या मोहोळ ही गावाकडची गोष्ट, डिकिन्सोनिया ही विज्ञानातली, अशी दोन खाती डोक्यात होती आणि त्यांच्यात दार नव्हतं. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी अनेकांची हीच अडचण आहे, असं मला वाटतं. परिसरातलं जे माहीत असतं ते आपण ‘ज्ञान’ या खात्यात जमाच करत नाही. भूविज्ञानाच्या बाबतीत तर हे फार महाग पडतं, कारण या शास्त्राचा सगळा पायाच ‘आज जे घडताना दिसतं त्यावरून काल काय घडलं ते ओळखा’ हा आहे.

मी नंतर ती स्लाइड काढून टाकली नाही. तीच ठेवली, वर तारीख घातली आणि शेजारी २०२३ चा निष्कर्ष लिहिला. त्या सेमिनारला असलेल्या ज्युनिअर्सना मेसेज करून सांगितलं की मी चुकीचं शिकवलं होतं. दोघांनी त्यांच्या नोट्समध्ये ते उदाहरण घेतलं होतं. एकीने परीक्षेतही लिहिलं होतं. चूक किती लवकर हात बदलते, ते तेव्हा कळलं. २०२१ च्या बातम्या आजही शोधल्या की सापडतात, आणि त्यांच्याखाली २०२३ लिहिलेलं नसतं. म्हणून सिनॉप्सिससाठी कुठलाही दावा उचलताना त्या पेपरला पुढे कुणी उत्तर दिलं का, हे पाहणं तुमचं काम आहे. मूळ पेपर वाचला एवढ्यावर थांबू नका.

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या, जो तुम्हाला मनापासून आवडला आहे. आवडलेलाच घ्या, नावडत्यातले दोष कुणालाही दिसतात. त्यातलं सगळ्यात मोठं वाक्य शोधा. मग खाली चार ओळी लिहा: प्रत्यक्ष पाहिलं काय, ते तिथे कसं आलं असेल, दुसऱ्या कोणत्या साध्या कारणाने तसंच दिसू शकतं, आणि वय किंवा आकडा कोणत्या स्वतंत्र पुराव्यावर उभा आहे. तिसरी ओळ लिहिताना पुस्तक बंद करा आणि घराबाहेर एक चक्कर मारून या.